मुलगा अमेरिकेत, सातबारा जालन्यात

जालन्याच्या माणसाला दोन सरकारांचा हिशोब नवा नाही. १९४८ सालापर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जालन्याहून देऊळगाव राजाच्या बाजाराला जायचे म्हणजे वऱ्हाडात, इंग्रजी अमलात पाऊल टाकायचे. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार रुपया. सात हाली मोजावे तेव्हा सहा कलदार हाती पडत. माल हद्द ओलांडू लागला की करोडगिरीचे नाके आडवे येई. शिकलेला असो की अडाणी, बाजार करणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असे. हद्दीपलीकडे आपला कायदा चालत नाही, तिथला चालतो.

ती हद्द आज राहिली नाही. पण दुसरी एक हद्द आपल्या घरातूनच गेली आहे. अंबड, भोकरदन, परतूरकडची मुलेमुली शिकायला अमेरिकेला जातात, तिथेच नोकरीला लागतात. त्यांचे नाव मात्र गावच्या सातबाऱ्यावर आणि बँकेच्या पुस्तकावर तसेच राहते. आईवडिलांना वाटते, इथला पैसा इथेच आहे, त्याचा अमेरिकेशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो वेळीच समजून घेतलेला बरा.

पहिली गोष्ट अशी की, अमेरिकेचे सरकार आपल्या नागरिकाकडून आणि रहिवाशाकडून साऱ्या जगातल्या उत्पन्नावर कर मागते. पैसा कुठे मिळाला हे ते पाहत नाही, माणूस कुणाचा हे पाहते. कुक नावाचा एक अमेरिकन मेक्सिकोत राहत होता आणि त्याची मिळकतही मेक्सिकोतच होती. तरीसुद्धा त्याने कर दिला पाहिजे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२४ साली दिला. तो नियम आजही चालू आहे.

मग रहिवासी कोण? ज्याच्याजवळ ग्रीन कार्ड आहे तो, आणि ठराविक दिवसांपेक्षा जास्त काळ तिथे राहिलेलाही. विद्यार्थ्याच्या परवान्यावर गेलेल्या मुलाची गोष्ट निराळी. सामान्यतः पहिली पाच कॅलेंडर वर्षे त्याचे दिवस मोजत नाहीत. म्हणून तोवर त्याच्या इथल्या उत्पन्नाला तिकडचा कर लागत नाही. तो नोकरीला लागला, परवाना बदलला, की दिवसांची मोजणी सुरू होते. नेमका हाच बदल घरच्यांच्या ध्यानात येत नाही.

आता शेतीचे पाहू. आपल्याकडे शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. मोसंबीची बाग असो की कपाशी, हे आपण गृहीतच धरतो. पण ही माफी भारत सरकारने दिलेली आहे, अमेरिकेने नव्हे. जमीन मुलाच्या नावे असेल आणि उत्पन्न त्याचे असेल, तर खर्च वजा जाता उरलेली रक्कम त्याला तिकडच्या विवरणात दाखवावी लागते.

कुणी म्हणेल, दोन्ही देशांत करार आहे ना? आहे. एकाच उत्पन्नावर दुहेरी कर बसू नये म्हणून १९८९ साली भारत आणि अमेरिका यांच्यात करार झाला. पण त्याची मेख नीट पाहा. इथे भरलेला कर तिथल्या करातून वजा मिळतो, तोही तिथल्या कराच्या मर्यादेत. जिथे इथे काही भरलेच नाही, तिथे वजा काय करणार? म्हणजे इथली माफी तिथे उपयोगी पडत नाही.

जमीन विकतानाही हेच. शहराच्या हद्दीपासून ठराविक अंतराबाहेरची शेतजमीन विकली तर आपल्याकडे त्या नफ्यावर कर बसत नाही. अमेरिकेत बसतो. इथे एक बारकावा फार मोलाचा आहे. वडिलांच्या पश्चात वारसाहक्काने आलेल्या जमिनीची मूळ किंमत म्हणून तिकडे सामान्यतः मृत्यूच्या दिवसाचा बाजारभाव धरतात. वडिलांनी हयातीत बक्षीसपत्राने दिलेल्या जमिनीला मात्र त्यांची जुनी खरेदी किंमत चिकटून राहते. समजा, वीस हजारांना घेतलेली जमीन पुढे चाळीस लाखांना गेली. बक्षिसाची असेल तर जवळजवळ सगळाच नफा ठरला. वारशाची असेल तर मृत्यूनंतर जेवढा भाव चढला तेवढाच नफा. म्हणून वारसाचा फेरफार करतानाच त्या तारखेचे मूल्यांकन मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून लेखी घेऊन ठेवावे. दहा वर्षांनी तो कागद शोधणे कठीण जाते.

दुसरी गोष्ट. कर भरणे वेगळे आणि कळवणे वेगळे. अमेरिकेच्या रहिवाशाची परदेशातली सगळी खाती मिळून वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी त्याला ती सगळी खाती तिथल्या अर्थखात्याला कळवावी लागतात. कर एक पैसाही नसला तरी कळवावे लागते. आता आपल्या घरी काय होते? वडील निवृत्त झाले, भविष्यनिर्वाह निधीचे पैसे आले, ठेव ठेवली आणि ‘असू द्या’ म्हणून मुलाचे नाव जोडले. पैसा वडिलांचा, पण खाते मुलाच्याही नावे. ते त्याने कळवायलाच हवे, आणि अर्धे नव्हे, पूर्ण रकमेसह. मुलाला त्या ठेवीची खबरच नसेल तर तो कळवणार कसा?

या चुकीला दंड आहे, आणि तो जबर आहे. बिटनर नावाच्या गृहस्थाने पाच वर्षांची अशी विवरणे वेळेवर दिली नाहीत. खाती एकूण २७२ भरली. सरकारने प्रत्येक खात्यामागे दहा हजार याप्रमाणे २७ लाख २० हजार डॉलर दंड मागितला. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, चूक जाणूनबुजून नसेल तर दंड दर विवरणामागे मोजावा, दर खात्यामागे नाही. रक्कम ५०,००० डॉलरवर आली. तरी तीही काही थोडी नाही.

‘कुणाला कळणार आहे?’ असे म्हणून चालत नाही. २०१५ साली दोन्ही सरकारांत माहिती देण्याघेण्याचा करार झाला आहे. बँकेत खाते उघडताना ‘आपण दुसऱ्या देशात कर भरता काय’ असे विचारतात, ते त्याचसाठी. माहिती आपल्या आयकर खात्यामार्फत तिकडे जाते. त्या ठिकाणी खोटे लिहू नये.

तिसरी गोष्ट खुद्द आईवडिलांची. नातवंडे पाहायला आपण दरवर्षी सहा महिने जाता. तिथली मोजणी अशी आहे: या वर्षाचे सगळे दिवस, गेल्या वर्षाचे एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाचे एक षष्ठांश. बेरीज १८३ झाली, आणि चालू वर्षात निदान ३१ दिवस राहणे झाले असेल, तर आपणही रहिवासी. दरवर्षी १८० दिवस राहिल्यास १८०, ६० आणि ३० मिळून २७० होतात. दरवर्षी १२० दिवस राहिल्यास १२०, ४० आणि २० मिळून १८०. म्हणजे थोडक्यात सुटका. बेरीज वाढली तरी चालू वर्षात १८३ पेक्षा कमी दिवस राहिला असाल आणि आपले घरदार, कामधाम भारतात आहे हे दाखवता आले, तर सूट मागता येते. पण त्यासाठी वेळेवर अर्ज भरावा लागतो. ग्रीन कार्ड घेतले तर ती सूट नाही. मग इथले व्याज, भाडे, शेती सगळेच हिशोबात येते.

तेव्हा करावे काय? घाबरून जाऊ नये. एका वहीत लिहावे: मुलाचे किंवा मुलीचे नाव कोणत्या खात्यावर, कोणत्या ठेवीवर, कोणत्या गटावर आहे, आणि वर्षात जास्तीत जास्त किती रक्कम होती. डिसेंबर संपला की ती यादी त्यांना पाठवावी. परदेशी गेलेल्याचे साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे. त्याच्या नावे नवीन काही घेण्यापूर्वी, विशेषतः म्युच्युअल फंड, त्याला विचारावे. आपले फंड तिकडच्या कायद्यात फार जाचक हिशोबात येतात. मागे काही राहून गेले असेल तर दोन्हीकडचे कायदे जाणणाऱ्या सल्लागाराला गाठून स्वतःहून कळवावे. स्वतःहून येणाऱ्याला कायदा पुष्कळदा सौम्यपणे वागवतो.

शिक्षकबंधूंना एक विनंती. गावात परदेशी पत्र आले की लोक ते आपल्याकडे वाचायला आणतात. ही यादी करायलाही त्यांना हात द्या. आपल्या लोकांनी मुलांच्या नावे जे ठेवले ते मायेने ठेवले. ते मुलांना सांगितलेही पाहिजे, नाहीतर त्याच मायेचा त्यांना भुर्दंड पडतो.