जालन्यात बिऱ्हाड कोठे करावे?

‘जालना, सोन्याचा पाळणा’ ही म्हण मराठवाड्यात ठाऊक नाही असे घर विरळाच. परंतु पाळणा टांगावयाचा तर आधी आढे पाहावे लागते. बदली होऊन आलेला अधिकारी असो, निवृत्तीनंतर गावाकडे परतणारा शिक्षक असो की वाड्यात वाटण्या झाल्यामुळे वेगळे निघालेले धाकटे भाऊ असोत, जालन्यात प्रत्येकापुढे पहिला प्रश्न एकच येतो: नदीच्या या काठास राहावे की त्या?

ही नदी म्हणजे कुंडलिका. दुधनेला मिळून तिचे पाणी अखेर गोदावरीस जाते. जालना हे एक गाव आहे असे नकाशा सांगतो. वस्तुतः ती दोन गावे आहेत. एका तीरावर जुना जालना. पलीकडे काद्राबाद आणि त्याभोवती वाढलेला नवा जालना. दोहोंना जोडणारे पूल पुष्कळ झाले, तरी ‘नव्या जालन्यात जाऊन येतो’ असे म्हणताना जुन्या जालन्याचा रहिवासी आजही परगावी निघाल्यासारखा पायांत वहाणा चढवितो.

जुन्या जालन्याचे वैभव त्याच्या वयात आहे. अठराव्या शतकात बांधलेली मस्तगडची गढी, आनंदी स्वामींचे मंदिर आणि तेथील आषाढी एकादशीची गर्दी ही त्याची ओळख. वाड्यांची रचना मराठवाड्याची: दारातच ढाळज, आत चौक, त्यामागे माजघर आणि वर जाड मातीचे माळवद. वैशाखातील उन्हास असे माळवद जे उत्तर देते ते सिमेंटच्या छपराला साधत नाही. रेल्वेस्थानक आणि गांधीचमन हाकेच्या अंतरावर. मात्र बोळ अरुंद. आजारी माणसास दवाखान्यात न्यावयाचे झाल्यास वाहन दारापर्यंत येईलच असे नाही. माळवदाची दर वर्षी डागडुजी करावी लागते, आणि ती जाणणारे हात आता थोडे उरले आहेत. वाड्याचे सुख जुने असले तरी त्याचा खर्च मात्र नवा असतो.

नव्या जालन्याची प्रकृती निराळी. सन 1827 मध्ये येथे हैदराबाद संस्थानाच्या तैनाती फौजेची छावणी पडली. सदर बाजार हे नाव त्या दिवसांची आठवण देते. सन 1900 च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्ग आला आणि सरकी, कापूस, धान्य यांचा व्यापार फोफावला. पुढे 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी येथे ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी स्थापिली, आणि देशातील शेतकऱ्यांना बियाण्याच्या पिशवीवर जालन्याचे नाव दिसू लागले. व्यापारी कुटुंबास नवा जालना सोयीचा, कारण दुकान आणि घर यांच्यामध्ये जिन्याइतकेच अंतर असते. परंतु खाली पेठ आणि वर संसार, यात दुपारची झोप कोणाच्या वाट्यास येत नाही.

तिसरी वस्ती तरुण आहे. 1 मे 1981 रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला, कचेऱ्या उभ्या राहिल्या, आणि अंबड चौफुलीच्या बाजूस नोकरदारांच्या वसाहती पसरल्या. येथे रस्ते रुंद, घरांना अंगण, उजेड भरपूर. मुलांना खेळावयास जागा आणि वडीलधाऱ्यांस पहाटे फिरण्यास मोकळी वाट. उणीव एवढीच की शेजार जुना नसतो. जुन्या बोळात चुलीवर दूध उतू गेले तर तीन घरांतून हाका येतात. येथे फाटक लावले की शेजारच्या घरी कोण राहते हे टपालवाल्यासच माहीत.

चौथी दिशा छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याची. चंदनझिरा आणि औद्योगिक वसाहत यांच्या परिसरात पोलादाच्या भट्ट्या आहेत. साऱ्या महाराष्ट्रातील घरांच्या स्लॅबमध्ये जालन्याची सळई असते, पण ती ओतणाऱ्या मजुराच्या घरावर पुष्कळदा पत्राच असतो. ज्यांना निवड करता येते ते येथे घर घेण्यापूर्वी वारा कोणीकडून वाहतो हे विचारतात. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तो बहुधा पश्चिमेकडचा असतो, हे ध्यानात ठेवलेले बरे. ज्यांना निवड नाही ते धूर आपल्याच भाकरीचा समजून राहतात.

आतापर्यंतची तुलना कोणत्याही शहरास लागू पडेल. जालन्याचा खरा निकष मात्र वेगळाच आहे, आणि तो घरातील गृहिणीस पुरुषांपेक्षा अधिक नेमका कळतो. तो निकष पाण्याचा. नव्या जालन्यास निजामी अमदानीत बांधलेल्या घाणेवाडीच्या तलावाचा आधार आहे. तलाव उंचावर असल्यामुळे पाणी उताराने आपोआप शहराकडे येते, त्यासाठी पंपाची गरज पडत नाही. जुन्या जालन्याची भिस्त पैठणच्या जायकवाडीवर. ते पाणी दुरून, नळांच्या लांब वाटेने, विजेच्या बळावर चढवून आणावे लागते. एकाला आभाळाची चिंता, तर दुसऱ्याला आभाळाबरोबर विजेचीही. 2012-13 च्या अवर्षणात जालना जिल्हा राज्यात सर्वांत होरपळलेल्यांपैकी एक होता. त्या वर्षी दोन्ही काठांवर हंडे सारखेच रांगेत उभे राहिले. पुढे नागरिकांनी एकत्र येऊन घाणेवाडीचा गाळ उपसला. तलाव वाडवडिलांनी बांधला तरी तो राखावयाचा असतो नातवंडांनीच, हा धडा शहरास मिळाला.

म्हणून घर पाहावयास निघालेल्या कुटुंबाने दोनदा निघावे. एकदा वैशाखात, कारण तेव्हा नळाचे खरे वेळापत्रक समजते. घरमालकास न विचारता शेजारणीस विचारावे की पाणी कितव्या दिवशी येते आणि किती वाजता. ती जर म्हणाली, ‘रात्री दोनला उठावे लागते’, तर त्या घराचे भाडे कितीही कमी असले तरी ते एका माणसाच्या झोपेतून वसूल होणार आहे हे समजावे. दुसऱ्यांदा श्रावणात निघावे. कुंडलिका वर्षातील पुष्कळ महिने ओहोळासारखी निपचित असते. मुसळधार पावसात तीच काठच्या सखल वस्तीस आपली जुनी हद्द दाखविते. कोरड्या पात्राकडे पाहून पाया घालणारा मनुष्य नदीच्या स्मरणशक्तीला कमी लेखतो.

2022 मध्ये समृद्धी महामार्ग वाहता झाला, 2023 मध्ये जालन्यास महानगरपालिका लाभली. शहर वाढेल, जमिनीचे मोल चढेल, नव्या वसाहतींची नावे अधिकाधिक गोड होतील. परंतु वस्ती चांगली कोणती, याचे उत्तर नावावरून मिळत नाही. वयस्कर माणसांच्या घरास जुना शेजार हवा, लहान मुलांच्या घरास अंगण हवे, व्यापाऱ्यास पेठ हवी. ही निवड ज्याची त्याने करावी. पाणी मात्र निवडीची गोष्ट असू नये. ज्या दिवशी चंदनझिऱ्यातील मजुराची बायको आणि अंबड रस्त्यावरील अधिकाऱ्याची पत्नी एकाच वेळी, एकाच धारेने आपापला हंडा भरतील, त्या दिवशी ‘बिऱ्हाड कोठे करावे’ हा प्रश्न आवडीनिवडीपुरता उरेल आणि सोन्याचा पाळणा खऱ्या अर्थाने हलू लागेल.