अंगावरचें यंत्र आणि त्याची किंमत

वस्तूची किंमत दुकानांत ठरते असें आपणांस वाटतें. वस्तुतः ती बरीचशी आराखड्याच्या कागदावरच ठरून गेलेली असते. मनगटी घड्याळ, श्रवणयंत्र, नाडी मोजणारा पट्टा यांसारख्या अंगावर वागवावयाच्या विद्युत्‌यंत्रांस तर हें विशेषच लागू आहे.

१९७२ सालीं अमेरिकेंत ‘पल्सर’ हें आंकडे उजळून वेळ दाखविणारें मनगटी घड्याळ विक्रीस आलें. त्याची पेटी सोन्याची व किंमत २,१०० डॉलर! १९८९ सालीं जपानच्या कॅसिओ कंपनीनें ‘एफ-९१ डब्ल्यू’ काढलें. पेटी प्लॅस्टिकची, बटणें अवघीं तीन. तें विद्यार्थ्यासही परवडतें. मधल्या काळांत विजेचे सूक्ष्म भाग स्वस्त झाले हें खरें. परंतु साध्या आराखड्याचा वांटाही लहान नाहीं.

साधा आराखडा म्हणजे काय? भाग थोडे असावे व ते बाजारांत सहज मिळावे. ते पाटीच्या एकाच बाजूस बसवावे, म्हणजे यंत्राला पाटी उलटून पुन्हां काम करावें लागत नाहीं. पेटी स्क्रूऐवजीं खांचेंत बसावी. जुळणी चालू असतांच दोष तपासतां यावा. कारण पेटी बंद झाल्यावर सांपडलेला दोष फार महाग पडतो.

यांत केवळ पैशाचाच प्रश्न नाहीं. मागच्या बाकावरील ‘मठ्ठ’ ठरलेला मुलगा पुष्कळदां केवळ कमी ऐकणारा असतो, हें शिक्षकांस ठाऊक आहे. मूल ऐकूनच बोलावयास शिकतें. तीं पहिलीं वर्षें गेलीं कीं भरून येत नाहींत. सरकारनें १९८१ पासून अपंगांस साधनें पुरविण्याची योजना चालविली आहे. पण दिलेलें यंत्र चालूही राहिलें पाहिजे. कानामागील छोट्या यंत्राचा बटणासारखा सेल आठ-पंधरा दिवसांत संपतो आणि तो खेड्यांत मिळणें कठीण. खिशांतील यंत्रावर कपडा घांसून खरखर होते, त्याची तारही तुटते. परंतु त्याचा पेन्सिल सेल गांवच्या दुकानांतही मिळतो. म्हणून लहान तें चांगलेंच असें नव्हे. तार सहज बदलतां यावी, हीही आराखड्याचीच बाब होय.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. आमच्या सात रस्त्यापासून कोठेंही निघा, सोलापुरांत माग आणि शिलाई भेटावयाचीच. चांदीचा मुलामा दिलेल्या धाग्यांतून वीज वाहते. जॅकार्ड मागावर तो धागा विणतांनाच नक्षीसारखा घालतां येईल. मग हातानें टांका घालण्याची मजुरी वांचेल. धातूचें टिचबटणही वीज वाहून नेतें, आणि तें बसविणें शिंप्याच्या नित्याच्या कामांतलें. विजेची डबी त्या बटणांवर अडकवावी. कपडा धुण्यापूर्वीं काढून ठेवावी.

तात्पर्य, यंत्र कोणाच्या अंगावर जावयाचें आणि कोणाच्या हातून घडावयाचें, हे दोन प्रश्न रेखाटनाच्या पहिल्याच दिवशीं विचारले पाहिजेत. आपल्या घरचीं जीं मुलें आज यंत्रविद्या शिकत आहेत, त्यांच्या कानीं एवढें घालावें, अशी विनंति आहे.