पुस्तक तिच्या हातात कसे पोचेल?

(महिला गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



पुस्तकांविषयी बोल म्हटले की मला थांबवणे कठीण! एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात समाजकार्य शिकले, पण बाईच्या मनातले मला बायकांच्या पुस्तकांनी सांगितले. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' किती वेळा वाचली त्याची गणती नाही. संसारातली ओढाताण सांगतानाही ही बाई खुदकन हसवते.

पण या बायका वाचायला-लिहायला लागल्या कशा, हे पाहिले की हसू मावळते. रमाबाई रानडे लग्नानंतर अक्षरे शिकल्या. नवरा शिकवणारा, तरी घरातल्या बायकांचे टोमणे चुकले नाहीत. त्यांच्या आठवणींचे पुस्तक 1910 साली आले. फलटणच्या बेबीताई कांबळे लहानसे दुकान चालवत. पुड्या बांधायला आणलेली रद्दी त्या वाचून काढत. 'जिणं आमुचं' त्यांनी घरच्यांपासून लपवून लिहिले. ते 1986 साली पुस्तकरूपाने आले. दलित बाईचे जगणे तिच्याच शब्दांत आपल्याला मिळाले, ते या चोरून केलेल्या वाचन-लेखनातून.

आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे! 'स्त्रीपुरुष तुलना' त्यांनी 1882 साली छापले. पुढे ते विस्मृतीत गेले. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. मधल्या काळात आपल्या किती आज्या-पणज्या हे पुस्तक न वाचताच गेल्या! म्हणजे बाईने लिहिणे जसे महत्त्वाचे, तसेच ते दुसऱ्या बाईच्या हाती पोचणेही.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 साली झाला. गावोगावी वाचनालये आहेत, त्यांना सरकारी अनुदानही मिळते. पण तिथे वर्तमानपत्र उघडून बसलेले कोण दिसतात? मी काम करते त्या वस्तीजवळचे वाचनालय सकाळ-संध्याकाळ उघडते. नेमक्या त्याच वेळी बाई नळावर किंवा स्वयंपाकात असते. दुपारी तिला तासभर मिळतो, तेव्हा दाराला कुलूप. ग्रंथालयशास्त्राचे जाणते डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली आपल्या पंचसूत्रीत सांगितले, की प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे. त्या 'प्रत्येका'त ही बाई येते ना?

आमच्या गटाने एक साधा उपाय केला. पत्र्याची एक पेटी घेतली, तीत पुस्तके भरली आणि बचत गटाच्या बैठकीला ती नेऊ लागलो. पुस्तक नेणारीचे नाव वहीत लिहायचे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी एकीने मोठ्याने वाचायचे. एका बाईने वहीतले आपले नाव दोनदा पाहिले. घर सासऱ्याचे, वीजबिल नवऱ्याच्या नावाचे. इथे मात्र ती स्वतःच्या नावाने होती.

सगळे गोडच झाले असे नाही. एकीच्या घरी पुस्तक चुलीत गेले. बाई वाचायला लागली तर उलटून बोलेल, ही भीती. आम्ही तिच्याकडून भरपाई मागितली नाही, दुसरी प्रत आणली. आता ती बैठकीला अर्धा तास आधी येते आणि तिथेच बसून वाचते. पुस्तक घरी नेण्याइतका तिचा हक्क घरात अजून मान्य झालेला नाही. हे काम आपले आहे, मैत्रिणींनो. हा केवळ आवडीचा प्रश्न नाही.

म्हणून तीन गोष्टी करूया. आपल्या गावच्या वाचनालयात स्वतःच्या नावाने सभासद होऊया. दुपारची वेळ मागूया. आणि कार्यकारिणीत बायका पाठवूया, म्हणजे कोणती पुस्तके घ्यायची हे ठरवताना आपलाही आवाज असेल.

आणि हो, आज घरी जाताना पेटीतले एक पुस्तक घेऊन जा. वहीत नाव लिहायला विसरू नका!