भिंत बांधणारा ब्रॅन
(मंडळाच्या 'माझा आवडता वास्तुशिल्पी' या कार्यक्रमातील भाषण)



आधीच्या वक्त्यांनी खऱ्याखुऱ्या माणसांबद्दल छान सांगितलं. माझा माणूस मात्र कधी जन्मालाच आला नाही! जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबऱ्यांतल्या वेस्टरॉस खंडातला हा 'ब्रॅन द बिल्डर'. पहिलं पुस्तक १९९६ साली आलं, २०११ ते २०१९ टीव्हीवर मालिका झाली. तरुण मंडळी माना डोलावताहेत. बाकीच्यांनी पाच मिनिटं सांभाळून घ्या.

ब्रॅन हा आठ हजार वर्षांपूर्वीचा, स्टार्क घराण्याचा मूळ पुरुष. एका राजाचे सहा किल्ले वादळात पडले. सातवा कसा बांधायचा ते म्हणे या पोराने सांगितलं, आणि तो टिकला. पुढे त्याने विंटरफेल बांधलं, तेही गरम पाण्याच्या झऱ्यांवर. ते पाणी भिंतींमधून खेळवलेलं, म्हणजे सेंट्रल हीटिंगच! आणि उत्तरेला बर्फाची प्रचंड भिंत : ३०० मैल लांब, ७०० फूट उंच. ही कल्पना मार्टिन यांना १९८१ साली आपल्या इथल्या हेड्रियनच्या भिंतीवर उभं असताना सुचली. आपली भिंत इ.स. १२२ मध्ये सुरू झालेली, ७३ मैलांची.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. सॅम नावाचा पहारेकरी जुनी पुस्तकं धुंडाळतो. त्याच्या लक्षात येतं, की ब्रॅनच्या काळच्या लोकांनी फक्त दगडांवर खुणा कोरल्या. इतिहास लिहिला तो हजारो वर्षांनी आलेल्या परक्यांनी. भिंत कशासाठी, हेच लोक विसरले. थंडीबरोबर येणाऱ्या मृतांच्या सैन्याला अडवायला ती होती, आणि पहारेकरी रानटी टोळ्यांशी लढत बसले. १९ किल्ल्यांपैकी तीनच वापरात, माणसं हजाराच्या आत!

हे वाचून मला हसू येईना. एका क्लायंटकडे रोज रात्री चालणारा एक जुना प्रोग्रॅम मी 'निरुपयोगी' म्हणून बंद केला होता. लिहिणारा कधीच निवृत्त झालेला, कॉमेंट एकही नाही. महिनाअखेरीला पेमेंट्स अडकली तेव्हा कळलं, तो कशासाठी होता. दोन रात्री झोपलो नाही.

गेल्या नरकचतुर्दशीला अंघोळीनंतर मी लेकीला कारीट फोडायला सांगितलं. कारीट इथे कुठलं मिळायला, छोटी काकडी ठेवली होती. डाव्या पायाचा अंगठा उचलून ती म्हणाली, "बाबा, पण का?" मी म्हटलं, "तसंच करतात." म्हणजे मीही त्या पहारेकऱ्यांपैकीच एक!

मग आईला फोन लावला. तिला हल्ली शेजाऱ्यांची नावंसुद्धा आठवत नाहीत. पण तिने नरकासुराची गोष्ट सांगितली, कडू कारीट म्हणजे तोच असुर हे सांगितलं, आणि माझ्या आजीने सांगितलेल्या चार गोष्टी वर. मी कधी विचारल्याच नव्हत्या. त्या दिवशी एक वही घातली. दर रविवारी आई सांगते, मी लिहितो, लेक मध्ये मध्ये "का?" विचारते. कधी कधी आई तीच गोष्ट पुन्हा सांगते. तीही लिहून घेतो.

मंडळी, भिंत बांधणारे आपले लोक अजून फोनवर भेटतात. या दिवाळीत फराळ झाला, की एक फोन करा आणि वही जवळ ठेवा.