कम्प्युटर कळत नाही, मग?



दिल्लीतल्या आपल्या मराठी मंडळींत नोकरदार जास्त, धंदेवाले थोडे. आणि त्या थोड्यांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं : “आम्हाला त्या कम्प्युटरमधलं काही कळत नाही हो.” त्यांच्यासाठी आज इथलंच एक उदाहरण घेतो, नोकऱ्यांच्या जाहिरातींच्या नौकरी डॉट कॉम या वेबसाइटचं.

तिचे संस्थापक संजीव बिखचंदानी सेंट स्टीफन्समध्ये अर्थशास्त्र शिकले, मग अहमदाबादच्या आयआयएममध्ये गेले. प्रोग्रामिंगशी संबंध नाही. १९८९मध्ये हॉर्लिक्स बनवणाऱ्या कंपनीत मार्केटिंगला लागले. तिथे सगळे एका हॉलमध्ये बसत. ‘बिझनेस इंडिया’चा अंक आला की सहकारी तो मागून उघडत, कारण नोकऱ्यांच्या जाहिराती मागच्या पानांवर असत. चांगल्या पगाराची माणसं, नोकरी सोडायची घाई नाही, तरी जाहिराती चाळणारच! नौकरी डॉट कॉमचं भांडवल म्हणाल तर एवढंच. पुढच्याच वर्षी बिखचंदानींनी नोकरी सोडली आणि पगारांची सर्वेक्षणं करून अहवाल विकायला सुरुवात केली.

१९९६च्या ऑक्टोबरात प्रगती मैदानावर प्रदर्शन भरलं होतं. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट येऊन जेमतेम सव्वा वर्ष झालेलं. एका स्टॉलवर त्यांनी वेबसाइट म्हणजे काय ते पाहिलं आणि मागून उघडलेले ते अंक आठवले. पण साइट उभी करायची तर सर्व्हर अमेरिकेत.

इथे दुसरा एखादा म्हणाला असता, आधी कोर्स करू. बिखचंदानींनी माणसं गाठली. भाऊ अमेरिकेत प्राध्यापक होता. त्याने महिना सुमारे २५ डॉलर भाड्याचा सर्व्हर घेऊन दिला. मित्र अनिल लाल यांनी प्रोग्राम लिहिला. व्ही. एन. सरोजा यांनी रोजचं काम सांभाळलं. खिशात पैसे नव्हते, म्हणून कंपनीतला हिस्सा दिला : भावाला ५ टक्के, लाल यांना ७, सरोजांना ९. वर्तमानपत्रांतल्या सुमारे हजार जाहिराती टाइप करून १९९७मध्ये साइट सुरू झाली.

या टक्क्यांवर मी मुद्दाम थांबतो. आपल्याकडे तंत्र जाणणारा म्हणजे प्लंबर : बोलवा, काम करून घ्या, हिशेब चुकता करा. मग साइट सहा महिन्यांत बंद पडते आणि ‘तो पोरगा फोन उचलत नाही’ ही तक्रार सुरू होते. का उचलावा? धंदा चालला काय, बुडाला काय, त्याचं काय जातं? लाल यांचं जात होतं.

दुसरी बाजूही आहे. हिस्सा दिला म्हणजे मालकाची सुटका झाली, असं नव्हे. उमेदवाराला काय शोधायचंय, जाहिरातदार पैसे कशाला देईल, हे प्रोग्रामरला कोण सांगणार? ते ज्याने हॉलमध्ये बसून पाहिलंय त्यानेच सांगायचं.

२००६च्या नोव्हेंबरात या मंडळींची, नौकरी डॉट कॉम चालवणारी कंपनी इन्फो एज शेअर बाजारात आली. पुढे २०१०मध्ये तिनेच झोमॅटोत पैसे घातले.

तेव्हा उद्या कुणी ‘ॲप बनवून देतो’ म्हणत तुमच्या दुकानात आला, तर किंमत विचारण्याआधी त्याला दोन दिवस गल्ल्यामागे बसवा. बसायला तयार झाला, तर भागीदारीचं बोलणं काढा.