सातासमुद्रापलीकडचे बिऱ्हाड

एके काळी सातारा-सांगलीकडील माणूस मुंबईस निघाला, की वळकटी आणि एक ट्रंक एवढ्यावर त्याचे भागत असे. आज त्याच घरांतील मुलेमुली लंडनला वा मेलबर्नला कायमचे बिऱ्हाड थाटतात आणि मागाहून घरचे सामान जहाजाने जाते. श्रोतेहो, अशा वेळी काय न्यावे यापेक्षा काय नेता येत नाही, याचा विचार आधी केलेला बरा.

हे सामान बहुधा न्हावाशेवा बंदरातून निघते. वीस फुटी कंटेनरात सुमारे 33 घनमीटर माल मावतो. सामान थोडे असल्यास दुसऱ्यांच्या मालाबरोबर हवी तेवढीच जागा घेता येते. खोकी लाकडी असतील, तर त्या लाकडाचा गाभा 56 अंश सेल्सिअसवर सलग 30 मिनिटे तापवून त्यावर ठराविक शिक्का उमटवलेला लागतो. कारण लाकडातील कीड परमुलखातील अरण्यांचा नाश करू शकते. ऑस्ट्रेलियात तर पाट, सूप, केरसुणी यांचीही तपासणी होते. मिरजेचा तंबोरा म्हणजे भोपळा आणि लाकूडच. तेव्हा तोही यादीत स्पष्ट नोंदवावा.

विम्याविषयी कंजुषी करू नये. संकटात जहाज वाचविण्यासाठी जो खर्च वा त्याग करावा लागतो, त्याचा वाटा जहाजावरील प्रत्येक मालधन्याने उचलावा, असा दर्यावर्दी व्यापाराचा जुना नियम आहे. मार्च 2021 मध्ये सुवेझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' जहाज सहा दिवस रुतले, तेव्हा हाच नियम लागू झाला. स्वतःची कपबशीही न फुटता भुर्दंड पडतो, तो असा.

पण खरा पेच देवघरापाशी येतो. 1972 च्या पुरावस्तू कायद्यान्वये 100 वर्षांची वा त्याहून जुनी मूर्ती, तसेच 75 वर्षांची वा त्याहून जुनी मोलाची हस्तलिखित पोथी खाजगी माणसास परदेशी नेता येत नाही. वयाविषयी शंका असल्यास पुरातत्त्व खात्याचा दाखला आधी घ्यावा. घरचे देव घरच्यांनीच नेऊ नयेत, हे मनाला लागते खरे. परंतु वाड्यातील पोथी ही एका कुळाची असते, तशीच ती साऱ्या मुलखाची स्मृतीही असते. तिच्या पानांची छायाचित्रे मुलांबरोबर द्यावीत आणि मूळ पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेस सोपविण्याचा विचार करावा. कुलूप घातलेल्या वाड्यात वाळवीच्या तोंडी देण्यापेक्षा ते केव्हाही श्रेयस्कर.