साखर कमी, संत्रा त्याहून कमी

(नागपूर जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर इकडच्या संत्रा उत्पादक गटांकडून गेले काही महिने आमच्याकडे एकच विचारणा येते आहे. बारीक फळाला कळमन्यात कोणी विचारत नाही, म्हणून त्याचे पेय करून बाटलीत भरायचे आहे. सल्लागार सांगतो, "साखर निम्मी करा, उरलेली गोडी पुडीने आणा. बाटलीवर छापा : साखर कमी, सर्व कुटुंबासाठी. साखरेचा खर्चही वाचेल." करावे की नाही?

हो किंवा नाही म्हणण्याआधी त्या पुडीत काय आहे ते पाहू.

या गोड्या बहुतेक चुकून सापडल्या. १८७९ साली अमेरिकेत फालबर्ग नावाचा रसायनशास्त्रज्ञ हात न धुता जेवायला बसला आणि त्याला पाव गोड लागला. ते सॅकरिन, डांबराच्या रसायनांतून निघालेले. १९६५ साली श्लॅटर नावाच्या संशोधकाने पान उलटण्यासाठी बोट जिभेला लावले, ते अॅस्पार्टेम. आणि १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात आपला एक शशिकांत फडणीस प्रा. हफ यांच्या हाताखाली काम करीत होता. त्याला सांगितले, हे रसायन 'टेस्ट' कर, म्हणजे तपास. त्याने ऐकले 'टेस्ट' म्हणजे चाखून बघ, आणि चाखले. ते सुक्रालोज. (आमच्या कॉलेजात कोणी असे केले असते तर प्रयोगशाळेतून बाहेर काढले असते.) गंमत अशी की त्या कामात टेट अँड लाइल ही साखरेचीच कंपनी सामील होती, आणि सुक्रालोज साखरेपासूनच करतात. साखरेच्या रेणूतले तीन गट काढायचे आणि त्या जागी क्लोरीन बसवायचे.

अॅस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड, सुक्रालोज सुमारे ६०० पट. आता शेतकऱ्याचा हिशेब करा. उतारा १० टक्के धरला तर एक टन उसातून १०० किलो साखर निघते. तेवढीच गोडी सुमारे १७० ग्रॅम सुक्रालोजमध्ये मावते. एक टन ऊस सदऱ्याच्या खिशात! उसाला पाणी, खत, तोडणी, वाहतूक. पुडीला फक्त वजनकाटा. सल्लागाराच्या तोंडाला पाणी का सुटते ते यात आले.

मग ही पुडी विष आहे का? तसे आम्ही म्हणणार नाही. साखर कारखानदारांच्या वतीने घबराट पसरवणे हे आमचे काम नव्हे. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अॅस्पार्टेमला 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकले. त्याच दिवशी त्याच संघटनेच्या अन्नविषयक तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा बदलली नाही. वजनाच्या दर किलोला ४० मिलिग्रॅम. ७० किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला ९ ते १४ डबे प्यावे लागतात. पण हिशेब इथे थांबवू नका. बाटली 'सर्व कुटुंबासाठी' आहे ना? मग २० किलोच्या पोराची मर्यादा ८०० मिलिग्रॅम. एका डब्यात २०० ते ३०० मिलिग्रॅम असले तर तीन-चार डब्यांत ती गाठली. मे महिन्यात लग्नाच्या मांडवात तीन बाटल्या रिकाम्या करणारी पोरे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

त्याच वर्षी मे महिन्यात आरोग्य संघटनेने आणखी एक गोष्ट सांगितली. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी या गोड्या वापरू नका. दीर्घकाळात त्याचा फायदा दिसत नाही. ही शिफारस आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नाही, तेवढे ध्यानात ठेवा. आपल्या देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आले. त्यांच्यासाठी वेगळी बाटली जरूर निघावी, आणि त्यांनी ती डॉक्टरला विचारून घ्यावी. पण आजोबांची बाटली आणि नातवाची बाटली एक नव्हे.

कायदाही पाहा. २०११ च्या लेबल नियमांनी कृत्रिम गोडी घातलेल्या पदार्थावर त्या गोडीचे नाव आणि 'लहान मुलांसाठी शिफारस नाही' असे छापायला लावले होते. फिनाइलकीटोन्यूरिया हा जन्मजात विकार असलेल्यांना अॅस्पार्टेम चालत नाही, तेही छापावे लागते. २०१८ च्या नियमांप्रमाणे 'लो शुगर' म्हणायचे तर १०० मिलीत २.५ ग्रॅमहून जास्त साखर नको. सल्लागाराच्या निम्म्या साखरेच्या बाटलीत ती ५ ग्रॅम राहते. म्हणजे पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत जे छापायचे ते बसत नाही, आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत जे येते ते आईने वाचले तर ती बाटली परत ठेवील. ती वाचणार नाही या भरवशावर धंदा उभा करायचा आहे का? बाजारात असे धंदे आहेत. संत्र्याचे चित्र, संत्र्याचा रंग, आणि कोपऱ्यात 'यात फळ नाही'. त्या बाटल्यांना आपण इतकी वर्षे शिव्या दिल्या.

आता आपल्या फळाकडे या. बाजारातल्या तयार पेयाला किमान १० टक्के रस पुरतो. २०० मिलीच्या बाटलीत २० मिली, म्हणजे एका संत्र्याचा तिसरा हिस्सा. त्यातली संत्र्याची स्वतःची साखर सुमारे २ ग्रॅम, बाकी १८ ग्रॅम वरून घातलेली. तिथे पुडी आली तर साखर जाईल, पण संत्र्याचा एक थेंब वाढणार नाही. बारीक फळ खपवायला निघालो होतो ना? मग बाटलीत वाढायला काय हवे?

रस वाढवला की नागपुरी संत्र्याचा आपला जुना खोडा आडवा येतो. रस काढून ठेवला की कडवट होतो. लिमोनिन म्हणतात त्याला. ते येते बियांतून, फोडीच्या सालीतून, आतल्या पांढऱ्या भागातून. फळ जोर लावून पिळले की रस जास्त निघतो आणि कडूपणाही जास्त उतरतो. तो झाकायला कारखाने गोडी ओततात. काल साखर होती, उद्या पुडी असेल. आमचे म्हणणे, हलक्या दाबाने पिळा, बिया फुटू देऊ नका, दहा किलोमागे रस थोडा कमी आला तरी चालेल. केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आपल्या नागपुरातच आहे. यंत्र घेण्याआधी तिथे जाऊन विचारा. अॅस्पार्टेमविषयी आणखी एक : आंबट पेयात आणि उष्णतेत ते हळूहळू फुटते आणि गोडी उतरते. आपल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या गोदामात पडलेल्या खोक्यांचे काय होईल ते सांगायला कृषी पदवी लागत नाही. सुक्रालोज टिकते, म्हणून सल्लागार आता तेच सुचवतात.

एक कडू गोष्ट आपल्यालाही गिळावी लागेल. रसातली साखर ही साखरच. आरोग्य संघटनेच्या हिशेबात ती मोकळ्या साखरेतच धरतात. तेव्हा 'शंभर टक्के रस, पोरांना हवा तेवढा पाजा' असे आपणही म्हणू नये. पोराला संत्रे सोलून द्यावे, फोडीसकट खाऊ द्यावे.

तरी पेय करायचेच आहे, तर आमची पसंती जुन्या स्क्वॅशला. 'नोगा' हे नाव नागपूरच्या संत्रा उत्पादक संघाच्या इंग्रजी आद्याक्षरांतून आले, हे तरुण पोरांना ठाऊक नसते. स्क्वॅशमध्ये २५ टक्के रस लागतो. साखर त्यातही भरपूर असते, पण पेल्यात किती ओतायचे ते आई ठरवते. यंदा चार चमचे, पुढल्या वर्षी तीन. पोराची जीभ तिच्या हातात राहते. आणि जी जीभ लहानपणी पुडीच्या गोडीला सोकावली तिला आपले आंबटगोड संत्रे उद्या आंबटच लागणार, अशी आम्हाला भीती वाटते. गिऱ्हाईक आपलेच जाईल.

सरकारचा हात कुठे आहे तेही सांगतो. २०१४ साली पंतप्रधानांनी कोला कंपन्यांना सांगितले की पेयांत ५ टक्के तरी फळांचा रस घाला. टाळ्या पडल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये कराचे दर बदलले तेव्हा फळरसाच्या साध्या पेयावर ५ टक्के आला, ते चांगले झाले. पण रस घातलेल्या सोड्याला ४० टक्के, आणि रसाचा थेंब नसलेल्या सोड्यालाही ४० टक्के! मग कंपनी रस कशाला घालील? आम्हाला अनुदान नको. बाटलीत जितका रस जास्त तितका कर कमी, एवढे करा. आणि रसाचे टक्के व गोडीचे नाव बाटलीच्या पुढच्या बाजूला, मराठीत, संत्र्याच्या चित्राएवढ्याच ठळकपणे छापायला लावा. बंदी आम्ही मागत नाही.

मिहानमधल्या पतंजलीच्या कारखान्याचे भूमिपूजन २०१६ मध्ये झाले, उद्घाटन मार्च २०२५ मध्ये. रोज ८०० टन संत्रे गाळण्याची ताकद सांगितली गेली आहे. तिथला भाव हा वेगळा विषय आहे, तो दुपारच्या सत्रात येईल.

गटांनी आज ठरवायचे ते एवढेच : कुटुंबासाठी म्हणून जी बाटली काढाल तिच्यात पुडी नको. मधुमेहींसाठी काढायची तर वेगळे नाव, वेगळा रंग, वेगळे खोके. ज्यांच्या लेबलाचा मसुदा तयार आहे त्यांनी जेवणानंतर मंडपाच्या डाव्या बाजूला थांबावे, सल्लागाराने दिलेले कागद सोबत आणावेत. मायबहिणींपैकी दोघी-तिघी तिथे हव्यात. लेबल आधी त्यांनी वाचायचे आहे.